चौकटीबाहेरची आई

एका बाजारगावात विश्राम नावाचा एक फोटोग्राफर होता. तो रस्त्यावर फोटो काढायचा, प्रत्येकाखाली चटकदार ओळ लिहायचा आणि मोबाइलवरून गावभर पाठवायचा. ओळी तो दुकानात बसून मनानेच रचायचा. लोक वाहवा करत आणि हा फुगत जाई.

एकदा त्याला एक अनोळखी केळीवाला दिसला. निपचित मुलीला छातीशी धरून तो जिवाच्या आकांताने धावत होता. मागून एक बाई धावत होती. विश्रामने फोटो काढला. बाईमुळे चित्र बिघडते म्हणून तिला कापले आणि खाली लिहिले, ‘कुणाचं लेकरू घेऊन पळतोय हा?’

दुसऱ्या दिवशी तीच बाई, फुलवाली पारूबाई, मुलीला कडेवर घेऊन दुकानात शिरली. तिने मोबाइल पुढे धरला.

“दादा, मी कुठाय यात?”

विश्रामने मोबाइल हातात घेऊन फोटो पाहिला.

“पोरीच्या घशात बोराची बी अडकली होती. केळीवाले इलाहीभाई तिला डॉक्टरकडे घेऊन धावले. आज ते शेजारगावच्या बाजारात गेलेत. तुमचा फोटो दाखवून लोकांनी त्यांना घेरलंय. पोरं पळवणारा म्हणतायत!”

शेजारचा दुकानदार विश्रामच्या कानाशी लागला, “फोटो पुसून टाक, शटर ओढ. तुझं नाव कशाला घालवतोस?”

विश्रामने पाठवलेला फोटो पुसला. पण तोवर तो कुठल्या कुठे पोचला होता. मायलेकींना मोटारसायकलवर बसवून विश्राम शेजारगावाकडे निघाला. रस्ता सरता सरेना. माणूस जिवंत तरी सापडेल का?

बाजारात केळ्यांचा चिखल झाला होता. रक्ताळलेल्या तोंडाने इलाही हात जोडत होता. विश्राम गर्दीत घुसला.

“फोटो माझा आहे! ती ओळ मी मनानं लिहिली. खोटी आहे!”

“किती पैसे खाल्लेस रे याच्याकडून?” कुणीतरी खेकसला आणि विश्रामच्याही कानाखाली वाजवली. तरी मोबाइलवरचा न कापलेला मूळ फोटो उंच धरून तो तेच ओरडत राहिला.

मुलीला घेऊन पारूबाई पुढे झाली. “मी हिची आई. आता मला मारा!”

तेव्हा कुठे उगारलेले हात खाली आले.

इलाहीचा जीव वाचला, हात मोडला. दवाखान्यात विश्राम मान खाली घालून उभा होता.

“हाक मारायची होतीत, साहेब,” इलाही म्हणाला. “थांबलो नसतो. पण धावता धावता सांगितलं असतं.”

तात्पर्य: ज्याची गोष्ट सांगायची, त्याला आधी विचारा. न विचारता लिहिलेली एक ओळ माणसाच्या जिवावर उठते, आणि ती पुसून लिहिणारा सुटत नाही.