हरबाचा चौथा पंप

नदीकाठच्या एका गावात हरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं सगळं ऐकायचा. दुखणं एवढंच होतं.

त्याच्या बायकोच्या, अनसूयेच्या, हातांना साबणानं भेगा पडल्या होत्या. भाकरी थापतानाही रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने साबणाच्या पाण्यात हात घालायचा नाही."

हरबानं त्याच आठवड्यात कपडे धुण्याचं मशीन आणून मोरीत ठेवलं.

चार दिवस मशीन छान चाललं. पाचव्या दिवशी ते नुसतं घुरघुरलं. पाणी बाहेर जाईना. अनसूया म्हणाली, "द्या इकडे, मीच खळबळून टाकते." हरबानं साबणाची वडी उचलली आणि स्वतःच्या टोपीखाली ठेवली.

तालुक्याहून मुलाणी मेस्त्री आले. त्यांनी खालचं छोटं झाकण उघडलं, आत बोटं घातली आणि एक सुपारी बाहेर काढली.

"ही कुणाची?"

"माझी," हरबा आनंदानं म्हणाला. "सापडत नव्हती."

"हिच्यामुळं पाणी फेकणारा पंप गेला. कपडा आत टाकण्याआधी खिसा उलटा करायचा. आतलं सगळं बाहेर काढायचं. कळलं?"

"कळलं."

मेस्त्रींनी दुसरा पंप बसवला.

पुढच्या खेपेला हरबानं उशी धुवायला काढली. खिसा शोधला. नव्हता. उशी पुन्हा उलटीपालटी करून पाहिली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ही तर अख्खीच खिसा आहे! त्यानं शिवण उसवली, उशी उलटी केली आणि आतलं सगळं बाहेर काढलं. कापूस मळका होता. धुवायला तोही मशीनमध्ये टाकला.

मेस्त्री पुन्हा आले. झाकणातून ओला कापूस ओढत राहिले. बराच वेळ ओढत राहिले.

"अरे देवमाणसा, उशी फाडलीस कशाला?"

"खिसा उलटा करायचा म्हणालात ना, भाई."

"ते शर्टाचं! उशीचं उलट असतं. आतलं बाहेर येता कामा नये. तोंड घट्ट शिवून टाकायचं. कळलं?"

"कळलं."

तिसरा पंप बसला. हरबा सुई-दोरा घेऊन बसला. शर्टांचे गळे शिवले. बाह्या शिवल्या. पायजम्याचे दोन्ही पाय शिवले. अनसूया म्हणाली, "अहो, आता हे घालायचे कसे?"

"आधी धुवायचे, मग घालायचे," हरबा म्हणाला.

दोरा उरला होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मशीनच्या पाठीमागं एक नळी लोंबत होती. तिला चांगलं मोठं तोंड होतं, आणि त्यातून आतलं सगळं बाहेर येत असे. दोरा पुरेना, म्हणून हरबानं ते सुतळीनं आवळलं. वर तीन गाठी मारल्या.

मशीन आधी घुरघुरलं, मग कण्हलं. मग जळका वास आला.

मुलाणी मेस्त्री सुतळीकडे बघत उभे राहिले. त्यांचा आवाजही चढला नाही.

"हरबा, हा चौथा पंप. हाही गेला, तर हे मशीन भंगारात. मग वहिनींचे हात पुन्हा साबणात. आता एकच गोष्ट ऐक. पंप का जातो? आत काहीतरी जातं म्हणून. पाण्याशिवाय आत काही गेलंच नाही, तर हा तुझ्या नातवापर्यंत चालेल."

"काहीच जाऊ द्यायचं नाही?"

"काहीच नाही!"

"कळलं," हरबा म्हणाला.

सहा महिने त्याचा निरोप आला नाही. मेस्त्रींना चैन पडेना. शेवटी वाट वाकडी करून ते हरबाच्या दारात उभे राहिले. आत मशीन झकास फिरत होतं.

अनसूयेनं चहाचा कप पुढं केला. मेस्त्रींचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. एकही भेग उरली नव्हती.

"पंप काय म्हणतोय?" त्यांनी मोरीत डोकावून विचारलं.

"तुम्हीच बघा की," हरबा आतून म्हणाला. "एक दिवस खाडा नाही."

मेस्त्रींनी काचेच्या दारातून पाहिलं. आत नुसतं स्वच्छ पाणी गरगरत होतं. एक रुमालसुद्धा नव्हता. मशीनशेजारी हरबा उकिडवा बसला होता. कोपरापर्यंत फेस. पुढ्यात कपड्यांचा ढीग. हातात तीच साबणाची वडी, झिजून चपटी झालेली.

मेस्त्रींनी बोलायला तोंड उघडलं. अनसूयेनं मागून हळूच म्हटलं, "राहू द्या, भाई."

मेस्त्रींनी तोंड मिटलं आणि चहा प्यायला.

हरबानं एक चादर पिळली, झटकली आणि मशीनच्या डोक्यावर प्रेमानं थाप मारली.

"मोठी सोय झाली बघा, भाई. मला एक कळत नाही. मशीन नव्हतं तेव्हा लोक कपडे धुवायचे तरी कसे?"