तिसऱ्या ओळीतलं नाव

दवाखान्यासमोरचा रस्ता ओलांडताना प्रमिलाबाई ठोंबरे यांचे यजमान ट्रकखाली गेले. घरात बाई एकट्याच उरल्या. तिथे गतिरोधक हवा, म्हणून त्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला.

अभियंता खानविलकरांनी तो परत केला. "आजी, नियमाप्रमाणे एका जागी तीन मृत्यू लागतात. तुमच्या यादीत दोनच नावं आहेत. अर्धवट अर्ज आम्ही घेत नाही."

"बरं साहेब," म्हणत बाईंनी तिथेच बाकावर बसून तिसरी ओळ भरली आणि कागद पुढे केला.

"अहो, हे तर तुमचंच नाव!"

"हो. मी रोज तिथूनच जाते, आणि घरी वाट बघणारं कुणी नाही. दुसऱ्या कुणाचं नाव लिहायला हात धजेना. तारखेचा रकाना तेवढा रिकामा आहे. तो तुम्ही भरा आणि खाली सही करा, म्हणजे अर्ज पूर्ण झाला."

सगळी कचेरी साहेबांच्या पेनाकडे बघत होती. शेवटी त्यांनी ती तिसरी ओळ खोडली आणि अर्जावर 'मंजूर' लिहिलं.

"जपून जा, आजी," ते हळूच म्हणाले.

बाई दारात थबकल्या. यजमान गेल्यापासून त्यांना असं कुणी म्हणालंच नव्हतं.