सरकारी डास

ज्या दिवशी दवंडी आली, त्या दिवशी धुरपा खाडीच्या चिखलात गुडघाभर उभी राहून बांधाच्या दाराला बांबूची जाळी बसवत होती. कांदळवनाच्या पोटाशी गावानं मिळून माशांचं तळं केलं होतं. आखणी तिच्या नवऱ्याची. तो वारल्यावर तळ्याचं उरलेलं काम तिनं गावाला हाताशी धरून उरकलं. भरतीला दार उघडायचं, माशांची पिल्लं आत. ओहोटीला जाळी लावायची! पहिली मासळी आता कुठे हाताशी आली होती.

तेवढ्यात ढम् ढम् ढम्!

"कांदळवन राजा मकरंदरावांचं! त्याच्या सावलीत वाढेल तो जीव त्यांचा! त्या जिवावर हात टाकील त्याला पन्नास फटके हो!"

धुरपा चिखलाच्या पायांनीच दरबारात गेली.

"महाराज, तळं गावानं खणलंय."

"असेल! पण माझ्या सावलीत वाढला नाही असा एक मासा दाखव. तळं सोडतो!"

"तसा एकही नाही, महाराज."

राजा मिशीत हसला. "मग?"

"मग ताबा घ्यायला या. उद्या, दिवेलागणीला."

दुसऱ्या दिवशी राजा बांधावर चौरंग टाकून थाटात बसला. सूर्य बुडाला आणि कांदळातून डासांची फौजच उठली! एक राजाच्या नाकावर, दोन कानात, बाकीचे जागा मिळेल तिथे.

"अरे, मारा यांना!"

चोपदारानं हात उगारला.

"खबरदार!" धुरपा ओरडली. "सरकारी डास आहे तो!"

चोपदाराचा हात वरच्या वर राहिला.

"मूर्ख बाई! मासे माझे. डास नव्हेत!"

"असं कसं, महाराज? एकाच सावलीतली भावंडं ती. चवीचं तेवढं तुमचं आणि चावरं आमचं? घ्यायचे तर सगळे घ्या! उद्यापासून आम्ही वाड्यावर पोचवतो. आधी काय पाठवू, मासे की डास?"

राजा उत्तर द्यायला गेला, तोच गालावर डास बसला. फाट्! राजानं स्वतःच्याच मुस्काटात मारली. डास मेला.

धुरपा हळूच म्हणाली, "चोपदारदादा, फटके मोजायला घ्या."

राजा असा हसला, की चौरंगासकट कलंडला!

"हुकूम मागे! तळं तुमचं, कांदळवन तुमचं, डासही तुमचेच!" हातातलं सोन्याचं कडं धुरपाला देऊन तो गाल खाजवत पालखीकडे पळाला.

संध्याकाळी सगळ्यांना टेकायला तळ्याच्या पश्चिमेला एक कट्टा घालायचं धुरपाच्या नवऱ्यानं ठरवलं होतं. डासांच्या धाकानं तो मात्र अजून बांधायचा राहिला आहे.