धुतलेलं स्तोत्र

इजिप्तच्या फेरोचं स्तोत्र धुतलं गेलं! तेही राज्यारोहणाच्या वर्धापन सोहळ्याला दोनच दिवस उरले असताना.

मुख्य लेखनिक नेबसेनी यांनी दोन महिने खपून राजाची ही लांबलचक स्तुती पपायरसच्या कागदावर उतरवली होती. मग एवढा मोठा विद्वान माणूस ती गुंडाळी कमरेला खोचून विसरला आणि त्याने नेसूचं वस्त्र तसंच धुवायला टाकलं. हापू परटाने कपडे रांजणात भिजत घातले. काजळीची शाई ती, पाणी लागताच सुटली. हापूच्या हाती आला तो कोरा पपायरस.

नेबसेनींनी दरबारात छाती बडवून घेतली. परटाने आपली विद्या बुडवली म्हणाले. गुंडाळी कुणी खोचली होती, हे सांगायचं मात्र राहिलं. स्तोत्र पाठ आहे का, असं राजाने विचारलं.

"महाराज, पाठ करायचं असतं तर लिहिलं कशाला असतं?"

फेरो मोठा हट्टी. त्याला तेच स्तोत्र हवं होतं. उद्या दुपारपर्यंत तीच अक्षरं परत आण, नाहीतर दगडाच्या खाणीत जा, असं त्याने हापूला फर्मावलं. त्या खाणीतून कुणी परत आल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

हापू घरी येऊन मटकन बसला आणि रडायला लागला. त्याची मुलगी तमित हिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, ते पाणी फेकलंत का?"

"नाही गं, रांजणातच आहे."

"मग रडताय कशाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तमित डोक्यावर झाकलेला घडा घेऊन दरबारात हजर झाली. अक्षरं आणलीत, म्हणाली, पण आधी नेबसेनी गुरुजींना एक विचारायचंय. गुरुजी आजारी माणसांना बरं कसं करतात?

नेबसेनी खुलले. आपली कीर्ती सांगायला कुणाला आवडत नाही? मंत्र पपायरसवर लिहायचा, पाण्यात धुवायचा आणि ते पाणी रोग्याला पाजायचं. गेल्याच महिन्यात महाराजांची दाढ दुखत होती, तेव्हा त्यांनाही पाजलं होतं. त्याची दक्षिणा म्हणून मिळालेली बारा बदकं गुरुजींच्या अंगणात अजून हिंडत होती.

"धुताना एखादं अक्षर वाया जात असेल ना, गुरुजी?"

"एक टिंबसुद्धा जात नाही. सगळा मंत्र जसाच्या तसा पोटात उतरतो."

तमितने घड्यावरचं झाकण काढलं. आत करडं पाणी होतं, वर थोडा फेस.

"मग हे घ्या तुमचं स्तोत्र. एक टिंबही सांडलेलं नाही. एवढं प्या आणि म्हणून दाखवा, तुमच्या शाळेतली मुलं लिहून घेतील."

नेबसेनी वाकले आणि नाक धरून मागे सरले. त्या पाण्यात काय भिजलं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"हे तर धुण्याचं पाणी आहे!"

"तुमच्याच वस्त्राचं आहे. परकं काही नाही त्यात."

"यात कसली आलीत अक्षरं?" गुरुजी बोलून गेले.

"मग महाराजांना काय पाजलं होतंत?"

फेरोचा हात हळूच गालावर गेला. नेबसेनींनी घाईघाईने घडा उचलला, ओठांपर्यंत नेला, डोळे मिटले आणि पुन्हा खाली ठेवला.

"महाराज, गुंडाळी मीच कमरेला खोचली होती. स्तोत्र पुन्हा लिहितो. पण हे प्यायला लावू नका."

फेरो इतका हसला, की त्याची दोरीने बांधलेली खोटी दाढी सुटून मांडीवर पडली. हापूची खाण टळली आणि ती बारा बदकं परटाच्या अंगणात गेली. आणखी काय हवं, असं राजाने तमितला विचारलं.

"गुरुजींच्या शाळेत मुलांना रोज लिहायला लावतात, की परटाइतका हलका धंदा दुसरा नाही. गुरुजींनी एकदा तो करून बघावा. महिनाभर स्वतःचे कपडे स्वतः धुवावेत."

"दिलं," दाढी बांधत फेरो म्हणाला, "आणि नदीवरच धुवायचे. मगरी असतात त्या घाटावर."