घोडा उतरवताना

त्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. ते विरलं आणि असं ऊन पडलं, की मठाच्या अंगणातली फरशी पायाला चटके देऊ लागली. नवरात्र सरत आलं होतं. पाऊस गेलेला, थंडी अजून यायची. वारा म्हणून नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं.

"बाबा, यातलं कोणतं ठेवू? तेवढं सांगा."

मानाजी खराडे केव्हापासून हेच विचारत होता. गिरीबाबा समईच्या वाती वळत होते.

गिरीबाबा त्या मठाचे गोसावी. तरुणपणची वर्षं फौजेत काढली, मग गुरूच्या मागं इथं आले ते इथलेच झाले. मानाजीच्या घराची आणि मठाची भिंत एकच, त्यामुळं गुरू करायला मानाजीला काही लांब जावं लागलं नव्हतं.

पोत्यावर तीन रिव्हॉल्व्हर मांडली होती. दुकानातून पसंतीला आणलेली, तिन्ही नकली, नळ्या बुजवलेल्या. पण घडण जुन्या काळची: लाकडी मूठ, फिरतं चक्र, आणि मागं तो घोडा. प्रत्येक बार काढायच्या आधी अंगठ्यानं घोडा मागं ओढायचा, मग बोटानं चाप दाबायचा.

मानाजीच्या वडिलांकडं, आबांकडं, असंच खरं होतं. खंडेनवमीला ते पाटावर यायचं. थोरल्यानं हत्यार मांडायचं, धाकट्यानं त्यावर फूल वाहायचं, ही त्या घरची रीत. आबा गेले, परवाना त्यांच्याबरोबर गेला. हत्यार ठाण्यात जमा झालं ते झालंच.

"बाबा, हे बघा." मानाजीनं पहिलं उचललं. "हे जस्ताचं ओतीव. हातात खेळणं वाटतं. हे दुसरं चकचकीत, पण मुठीचं लाकूड बसलेलं नाही, फट दिसते. हे तिसरं पोलादी. वजन बघा. आणि ऐका..."

त्यानं घोडा सावकाश मागं ओढला. कट्. कट्. कट्. कट्.

"चार आवाज! अस्सल हत्याराला चारच येतात. स्वस्तातलं दोनात आटपतं. दुकानदारालासुद्धा मी सांगितलं हे."

"मग तुला सगळं कळतंय की. मला कशाला विचारतोस?"

"तुम्ही हो म्हणालात, की माझा जीव थंड होईल."

"तुझा जीव तापलाय कशानं?"

"सर्जानं," मानाजी म्हणाला.

सर्जेराव त्याचा धाकटा भाऊ. चूल वेगळी करून मळ्यात राहायला गेलेला. आठवड्यामागं पारावर बसून तो बोलला होता, "यंदा दादा पाटावर विळी मांडतोय वाटतं." लोक हसले होते. हसू चालत चालत मानाजीच्या दारापर्यंत आलं.

"उद्या नवमीला येणार आहे तो, पोरंबाळं घेऊन. पाटावर हे दिसलं की त्याचं तोंड बंद झालं पाहिजे. आणि तरीही एक शब्द बोलला ना... तर मी ठरवून ठेवलंय. चालता हो म्हणणार. या घरात परत पाय ठेवू नको म्हणणार. झालं, संपलं."

बाबांनी वात खाली ठेवली.

"घोडा चढवताना चार आवाज."

"चार."

"आणि उतरवताना?"

"उतरवताना?... चाप दाबला की पडतो. फटकन."

"तो बार झाला. मी उतरवायचं विचारतोय."

मानाजीनं हातातल्या हत्याराकडं पाहिलं. घोडा चढलेला तसाच होता. त्यानं तो अंगठ्यानं पुढं ढकलून पाहिला. हलेना.

"चाप दाबल्याशिवाय सुटत नाही, बाबा."

"दाब मग."

"दाबला तर बार होईल."

"अंगठा कशाला दिलाय?"

मानाजीनं घोड्यावर अंगठा टेकला, चाप दाबला. अंगठा घसरला. फट्! लिंबावरचे होले उडाले.

"जस्ताचं घे," बाबा म्हणाले.

त्याचा घोडा अंगठ्याला धरवेना. फट्!

"चकचकीत घे."

फट्! याची मूठच हातात हलली.

"परत पोलादी."

मानाजीच्या कपाळावर घाम आला. ज्या बोटानं बार करायचा त्याच बोटानं चाप दाबायचा, आणि त्याच वेळी अंगठ्यानं सगळा जोर स्वतःकडं ओढून धरायचा. बोट म्हणतं जा, अंगठा म्हणतो थांब. त्याला दोन्ही एका हातानं जमेना. ऊन अंगणातून सरकत पायरीपर्यंत आलं. बाबांच्या वातींचा ढीग वाढत गेला. फट्... फट्...

"नाही होत हे," मानाजी चिडून म्हणाला. "आणि उतरवायचं कशाला? चढवला की मारायचा!"

बाबांनी पुढची वात वळायला घेतली.

मानाजीनं पुन्हा घोडा चढवला. कट्, कट्, कट्, कट्. आणि तेवढ्यात बोळात मोटरसायकल थांबली.

सर्जेराव आत आला. पाठीवर झेंडूचं पोतं.

"वैनी म्हनली, मठात हायेत." त्यानं बाबांना हात जोडले. मग भावाकडं वळला आणि हसला. "काय दादा, विळी घासून झाली का न्हाई?"

मानाजीचे कान लाल झाले. चालता हो, हे दोन शब्द घशातून वर आले, दातांपाशी येऊन थांबले. हातातला घोडा चढलेला होता. बोट चापावर होतं.

बाबा वात वळत राहिले.

मानाजीनं एकदा श्वास घेतला. चाप दाबला... अंगठा हळूहळू सैल सोडला, सोडला, सोडला...

"विळी नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "कोयता मांडणार आहे. आबांचा. पण गंजलाय रे. धार तू लावून आण."

सर्जेरावाचं हसू जागच्या जागी राहिलं.

"...मी?"

"मला कुठं येते धार लावायला. आबांनी तुलाच शिकवली."

सर्जेरावानं पोतं खाली ठेवलं. बराच वेळ तो त्याची गाठच चाचपत बसला. मग भावाच्या हाताकडं बोट करून म्हणाला, "आन् ह्ये कुठलं?"

"नक्कल आहे. आबांचं काही परत येत नाही आता." हे मानाजी पहिल्यांदाच कुणापुढं बोलत होता.

सर्जेरावानं ते हातात घेतलं, तोललं. "वजन तसंच हाय, न्हाई?"

"तसंच आहे. म्हणून हे ठेवतोय. पाटावर नाही... तुझ्या पोरांना दाखवायला. आजोबा काय बाळगायचे ते."

मानाजीनं बाकीची दोन खोक्यात भरली, संध्याकाळी दुकानदाराला परत द्यायला. सर्जेरावानं पोतं उचललं. दोघं अंगण ओलांडून घराच्या वाटेला लागले. दिंडी दरवाजापाशी मानाजी थांबला, मागं वळून बाबांकडं पाहू लागला. अजून काहीतरी ऐकायचं राहिलं होतं.

बाबांनी शेवटची वात ढिगावर टाकली.

"या खेपेला आवाज आला नाही रे, मानाजी..."