बर्फाचा भाव

पोर्तुगालात, लिस्बन शहरात, आमच्या दापोलीच्या जुलेखाबींची खानावळ होती. गोठवलेलं मेंढीचं मटण विकणारा दुआर्ते शेठ त्या भागात एकटाच, म्हणून भावही त्याचाच. दहा किलोच्या पिशवीत चार किलो बर्फ! बाई भांडल्या, तर म्हणाला, "वजन ते वजन. बर्फही मालच."

एकदा तोच जेवायला आला आणि अर्ध्या किलोची हंडी मागवली. बाईंनी मोजके तुकडे वाढले, शेजारी तांब्या ठेवला.

"बाकीचं मटण कुठंय?"

"तांब्यात. तुमच्याच पिशवीतलं वितळलंय. प्या की, मालच आहे!"

सगळे खो-खो हसले. शेठ उठून गेला.

त्यानंतर त्याची मटणाची गाडी आलीच नाही. महिन्याभरात खानावळीला कुलूप लागलं. लोक हा किस्सा सांगून अजून हसतात. मेल्यांनो, बाईची चूल विझली, हसताय काय?