चौगुले सर

“…मग थांबायचं तरी कशासाठी, मॅडम?”

ऋतुजा मगदूमने राजीनाम्याचा कागद टेबलावर पुढे सरकवला. कॉलेजच्या यंत्र अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुख डॉ. विमल चौगुले यांनी तो पाहिला. वाचला नाही.

“ज्याला मी शिकवलं, त्याच्या हाती संस्थेनं प्रयोगशाळा दिली. मला काय, तर स्वागत समिती. पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं. पुण्याची कंपनी बोलावतेय, आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय.”

“हं.”

“लोक म्हणतात, बाईमाणसाला कॉलेज बरं. सुट्ट्या असतात, घर सांभाळता येतं. तुम्ही त्यासाठीच थांबलात?”

“मागच्या दिवाळीत मी विद्यापीठाचे पेपर तपासत होते. चकल्या विकतच्या होत्या.”

ऋतुजाला हसू आलं नाही. तिला उत्तर हवं होतं.

तेवढ्यात दारातून टाय लावलेला एक गृहस्थ डोकावला.

“मॅडम, चौगुले सर आहेत का? लेथ मशीनचं बोलायचंय. वेळ घेतलीय.”

ऋतुजा उसळणार, तोच मॅडमनी तिला नजरेनंच थांबवलं.

“बसा.”

तो बसला. घड्याळ पाहिलं.

“सर बाहेर गेलेत का?”

“नाही. इथेच आहेत.”

तो आतल्या दाराकडे पाहू लागला.

“आत कपाट आहे,” मॅडम म्हणाल्या.

“सर फार कडक आहेत म्हणे,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही जरा आमच्याबद्दल चांगलं सांगाल का?”

“कडक आहेत खरे.”

आता मात्र ऋतुजाला राहवेना. “ह्याच चौगुले. दारावर विभागप्रमुख लिहिलंय ना, त्या ह्याच.”

तो ताडकन उभा राहिला. “पाटीवर नुसतं वि. चौगुले… मला वाटलं…”

“काय वाटलं ते कळलं. बसा. तुमच्या मशीनचा स्पिंडल फिरताना किती हलतो?”

“ते… आमच्या सरांना विचारून सांगतो.”

“विचारा.”

तो घाईघाईनं निघून गेला. ऋतुजाचे कान तापले होते.

“नेहमी असंच?”

“आता कमी झालंय. पूर्वी मलाच चहा सांगायचे.”

“आणि तुम्हाला राग येत नाही?”

“येतो की.”

“मग इतकी वर्षं… सोडून का नाही गेलात? कोणी बांधून घातलं होतं?”

मॅडम उठल्या. टेबलाला वळसा घालून ऋतुजाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

पलीकडे त्यांची खुर्ची रिकामी होती.

दोघी तिच्याकडे पाहत राहिल्या…

“आत्ता तो परत आला,” मॅडम म्हणाल्या, “तर ह्या खुर्चीत बाई नसते, हे त्याचंच बरोबर ठरेल.”